जोखीम कोणाच्या पदरी

शिवडी ते न्हावा-शेवा सागरी पुलासाठी 2008 मध्ये निविदा उघडल्या तेव्हा दोन बोली समोर आल्या. अट साधी होती. पैसा कंपनीने उभा करायचा, पूल बांधायचा, त्यावर टोल घ्यायचा आणि मुदत संपली की पूल सरकारच्या ताब्यात द्यायचा. जो कमीत कमी मुदत मागेल त्याला काम. अनिल अंबानी यांच्या गटाने मागितली 9 वर्षे 11 महिने आणि वर एक दिवस. मुकेश अंबानी यांच्या बाजूच्या कंपनीने मागितली 75 वर्षे. पूल एकच, खाडी एकच, त्यावरून जाणारी वाहनेही तीच. तरी एका भावाच्या हिशेबात पैसे दहा वर्षांच्या आत वसूल होत होते आणि दुसऱ्याच्या हिशेबात नातवंडांच्या काळापर्यंत होत नव्हते.

यातली कोणती बोली शहाणपणाची होती हे कळायला मार्ग उरला नाही, कारण ती प्रक्रियाच रद्द झाली. 2013 मध्ये पुन्हा निविदा मागवल्या तेव्हा पात्र ठरलेल्या पाच गटांपैकी एकानेही बोली लावली नाही. अखेर जपानच्या ‘जायका’ संस्थेचे कर्ज घेऊन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) तो सरकारी जबाबदारीवर बांधला आणि जानेवारी 2024 मध्ये 21.8 किलोमीटरचा हा पूल ‘अटल सेतू’ या नावाने सुरू झाला. पूल उभा राहिला तो आपल्याला दिसतो. त्याआधीची दहा-पंधरा वर्षे ज्या एका प्रश्नाभोवती फिरली तो प्रश्न दिसत नाही. वाहने अपेक्षेइतकी आलीच नाहीत तर तोटा कोणी सोसायचा, एवढाच तो प्रश्न.

हे पुस्तक त्या प्रश्नाविषयी आहे. सार्वजनिक-खासगी भागीदारी, म्हणजे ज्याला आपल्याकडे बराच काळ ‘बीओटी’ (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) एवढ्याच अक्षरांनी ओळखले गेले, त्याविषयी मराठीत कमी लिहिले गेले असे नाही. टोलनाक्यांवर अग्रलेख पडले, मोर्चे निघाले, निवडणुका लढवल्या गेल्या. पण बहुतेक लिखाण दोन टोकांना बसते. एका टोकाला खासगीकरण म्हणजे लूट. दुसऱ्या टोकाला, सरकारला काय जमते, कंपन्यांनाच करू द्या. दोन्ही बाजूंना करार वाचायची गरज वाटत नाही, कारण निकाल आधीच लागलेला असतो. मला मात्र गेली काही वर्षे हे कागद चाळताना उलटे वाटत आले आहे: मालक सरकार की कंपनी, यावर प्रकल्पाचे भले-बुरे फारसे ठरतच नाही. ते ठरते कुठल्यातरी परिशिष्टातल्या दोन-तीन कलमांवर, आणि ती कलमे लिहिताना सरकारच्या बाजूने टेबलाशी कोण बसले होते यावर.

गावाकडे शेत वाट्याने देताना हे सगळे न लिहिता ठरते. बी-बियाणे कोणाचे, बैल कोणाचे, आणि पाऊस हुकला तर खंड माफ की नाही, हे आधी बोलून घेतल्याशिवाय कोणी नांगर धरत नाही. हजारो कोटींच्या प्रकल्पात हेच बोलणे शेकडो पानांत पसरते आणि त्यात पावसाचा मुद्दा शोधावा लागतो. तो शोधायचा तर सुरुवात फार मागून करावी लागेल.

17 ऑगस्ट 1849 रोजी ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी यांच्यात करार झाला. या करारातून 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. नाना शंकरशेट यांचे नाव आपण त्यासाठी अभिमानाने घेतो. करारातल्या अटी मात्र पाठ्यपुस्तकात नसतात. जमीन सरकारने फुकट द्यायची, 99 वर्षांसाठी. भांडवल लंडनमधल्या भागधारकांचे, आणि त्यावर वर्षाला 5 टक्के परताव्याची हमी सरकारची. रेल्वेला तेवढे उत्पन्न झाले नाही तर उरलेली रक्कम हिंदुस्थानच्या तिजोरीतून. हे व्याज चुकते व्हायचे पौंडात. पाच टक्क्यांच्या वरचा नफा वाटून घेण्याची तरतूद होती खरी, पण हमीवर बांधलेल्या रेल्वेंना एकंदरीत कित्येक वर्षे पाच टक्केच गाठता आले नाहीत, मग वरचे काय वाटणार! पुढे रुपयाचा भाव घसरत गेला तेव्हा त्याचा भारही अर्थातच इकडच्या शेतसाऱ्यावर.

या हमीचा एक परिणाम असा की खर्च आटोक्यात ठेवण्याची कोणालाच निकड नव्हती. भांडवल जास्त गुंतले की हमीची रक्कमही जास्त. 1872 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांची साक्ष झाली. तिचा आशय असा की, एकदा हमी मिळाल्यावर आपला पैसा हुगळी नदीत फेकला काय किंवा विटा-चुन्यात घातला काय, भागधारकाला त्याचे सोयरसुतक उरत नाही. इकडे दादाभाई नौरोजी आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून गणेश व्यंकटेश जोशी हे रेल्वेच्या अर्थकारणावर लिहीत होते. मराठी मुलखात पायाभूत सुविधांच्या हिशेबाची चिकित्सा तेव्हापासूनची आहे. आपण ती मधेच विसरलो.

रेल्वे झाली, हेही तितकेच खरे. 1863 मध्ये बोरघाटातून गाडी गेली. ज्या ठेकेदाराकडे घाटाचे काम आले तो सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका हातात घेऊन काम पुरे करवून घेतले. ही गोष्ट सांगायला सगळ्यांनाच आवडते. त्याच घाटात कॉलरा, ताप आणि सुरुंगांनी मेलेल्या हजारो मजुरांची जोखीम मात्र कोणत्याही हमीत बसत नव्हती. सरकारने 1900 मध्ये ही रेल्वे विकत घेतली, तरी कारभार कंपनीकडेच राहिला आणि तो ताब्यात यायला 1925 उजाडले.

हमीच्या या कलमाला मरण नाही. 1997 मध्ये दिल्ली-नोएडा उड्डाणपुलाचा करार झाला तेव्हा कंपनीला प्रकल्पखर्चावर वर्षाला 20 टक्के परतावा मिळेल असे लिहिले गेले, आणि ज्या वर्षी तो मिळणार नाही त्या वर्षीची तूट प्रकल्पखर्चातच मिळवायची असे ठरले. चारशे कोटींच्या आसपास खर्चाचा तो पूल कागदोपत्री हजारो कोटींचा झाला. वर्षे जितकी सरत होती, तितका वसुलीचा शेवट लांब पळत होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2016 मध्ये टोल थांबवला आणि डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. करार करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना चक्रवाढ व्याज येत नव्हते असे मानणे अवघड आहे.

पण महाराष्ट्रात या विषयाचा खरा धडा समुद्रकाठीच गिरवला गेला, गुहागर तालुक्यात. दाभोळ वीज प्रकल्पाला या पुस्तकात सर्वांत मोठे प्रकरण दिले आहे, आणि ते वाचकाला थोडे जास्त वाटले तरी हरकत नाही. जून 1992 मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीचे पथक मुंबईत आले आणि काही दिवसांतच, 20 जूनला, राज्य वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार झाला. निविदा नाही, दुसरा स्पर्धक नाही. डिसेंबर 1993 मध्ये वीज खरेदी करार. दोन टप्पे मिळून 2,015 मेगावॉट. तत्पूर्वीच जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असे केंद्राला कळवून कर्ज द्यायला नकार दिला होता. आयात वायूवर चालणारी एवढी महाग वीज रात्रंदिवस घेत राहण्याइतकी मागणी मंडळाकडे नाही, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. तो पुढे अक्षरशः खरा ठरला.

या कराराचा गाभा समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मंडळाने वीज घ्यावी वा न घ्यावी, वीजकेंद्र चालवायला सज्ज आहे म्हटल्यावर स्थिर आकार भरायचाच. तो आकार डॉलरशी बांधलेला. इंधनाचा खर्च जसा येईल तसा मंडळाच्या माथी. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी, आणि राज्याने थकवले तर केंद्राची प्रतिहमी. म्हणजे मागणी कमी झाली तर आपण, रुपया घसरला तर आपण, तेल महागले तर आपण. कंपनीकडे उरली ती बांधकाम वेळेत करण्याची आणि यंत्रे चालू ठेवण्याची जबाबदारी. ती तिने बऱ्यापैकी पार पाडली, हे मान्य करायला हवे.

1995 ची विधानसभा निवडणूक एन्रॉन समुद्रात बुडवण्याच्या भाषेवर लढली गेली. मनोहर जोशी यांच्या सरकारने ऑगस्टमध्ये करार रद्दही केला. आणि मग काही महिन्यांतच फेरवाटाघाटी होऊन तो परत आला, तोही पहिल्यापेक्षा मोठा होऊन. जो दुसरा टप्पा आधी ऐच्छिक होता तो आता पक्का झाला. केंद्रात तेरा दिवस टिकलेल्या वाजपेयी सरकारने मे 1996 मध्ये जाता जाता प्रतिहमीला मंजुरी दिली. रद्द करणे आणि वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या वर्षाच्या कागदांतून शिकलो.

मे 1999 मध्ये वीज सुरू झाली. मंडळाला ती इतकी महाग पडू लागली की ते कमी वीज उचलू लागले. कमी उचलली की तोच स्थिर आकार कमी युनिटांवर वाटला जाऊन युनिट आणखी महाग. त्यात नाफ्था महागला. एका टप्प्यावर युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला. 2001 च्या सुरुवातीला प्रतिहमी वटवण्याची नोटीस केंद्राकडे पोहोचली. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने या व्यवहाराची जी चिरफाड केली ती मुळातून वाचावी अशी आहे, कारण तिचे लेखक आंदोलक नव्हते, प्रशासनात आणि अर्थ-ऊर्जा क्षेत्रांत आयुष्य घालवलेले लोक होते. मे 2001 मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले, वीजकेंद्र बंद पडले आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या सहभागाने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी काढून ते धूड पुन्हा उभे करावे लागले. म्हणजे परदेशी भांडवल आणण्यासाठी जे केले, त्याचा शेवट सरकारी कंपन्यांच्या पैशाने झाला.

गुहागरच्या गावांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले. त्याविषयी त्या काळी वर्तमानपत्रांतून पुष्कळ आले. पुण्यातल्या ‘प्रयास’ गटाचे काम तेवढे लोकांपर्यंत पोहोचले नाही. गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 च्या सुमारास करारातले आकडे मांडून दाखवले की पुढच्या वर्षांत मंडळाच्या ताळेबंदाचे काय होईल. अमुक कंपनी परकी आहे किंवा तमुक पुढारी भ्रष्ट आहे असा त्यांचा युक्तिवाद नव्हता. त्यांनी केवळ हिशेब केला, आणि तो करण्यासाठी आवश्यक ती माहिती मिळवायला त्यांना झगडावे लागले. हिशेब मांडता येणे आणि तो लोकांसमोर उघड असणे, या दोन गोष्टी दाभोळला आधी असत्या तर कदाचित तिथे आज एक बरे, लहान वीजकेंद्र असते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची कथा याच्या अगदी उलटी म्हणून सांगितली जाते, आणि सांगणारे बहुतेक वेळा ती अर्ध्यावर सोडतात. खासगी निविदांत सर्वांत कमी बोली रिलायन्सची, सुमारे 3,600 कोटींची होती. युती सरकारने ती नाकारली. 1996 मध्ये स्थापन झालेल्या रस्ते विकास महामंडळाने राज्याच्या हमीवर रोखे काढून पैसा उभारला आणि नितीन गडकरी बांधकाम मंत्री असताना काम सुरू झाले. रस्ता 2002 मध्ये पूर्णपणे खुला झाला तेव्हा खर्च आला 1,630 कोटींच्या आसपास. सरकारला काही जमत नाही म्हणणाऱ्यांना हे उदाहरण अजूनही तोंडावर फेकता येते.

कथेचा पुढचा भाग असा. महामंडळाच्या डोक्यावर कर्ज होते, म्हणून 2004 मध्ये पुढच्या 15 वर्षांचा टोल आयआरबी या कंपनीला विकला गेला, 918 कोटी रोख घेऊन. जुना राष्ट्रीय महामार्गही त्याच व्यवहारात होता. रस्ता बांधण्याची जोखीम सरकारने घेतली होती. वाहने येतील की नाही ही शंका 2004 पर्यंत बरीच फिटली होती. मग उरलेला, सर्वांत निर्धास्त भाग कंपनीला का द्यायचा? याचे उत्तर ‘आज रोकड हवी होती’ एवढेच आहे, आणि ते नेहमीच चुकीचे असते असे मी म्हणणार नाही. पण 918 हा आकडा पुढच्या वाहतुकीच्या कोणत्या अंदाजावर बेतला होता, आणि अंदाज ओलांडला तर जादा उत्पन्नात महामंडळाचा वाटा किती, हे विचारायला माहिती अधिकार कायदा यावा लागला. कार्यकर्त्यांनी दरमहा वाहनांचे आकडे मिळवून वसुली केव्हाच पुरी झाल्याचा दावा केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. 2019 मध्ये मुदत संपली, टोल संपला नाही. 2020 मध्ये दहा वर्षांसाठी त्याच कंपनीला पुन्हा हक्क दिले गेले, या वेळी 8,262 कोटींना. दोन्ही व्यवहारांतल्या अटी आणि मुदती वेगळ्या आहेत, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून थेट वजाबाकी करू नये. तरी 2004 मध्ये विकणाऱ्याला आपल्या मालाची किंमत ठाऊक होती का, ही शंका या दोन आकड्यांनी मनात येतेच.

या मार्गावर तीन वर्षांनी एकदा टोल 18 टक्क्यांनी वाढत आला, कारण तसे आधीच अधिसूचनेत लिहिले होते. त्याचा रस्त्याच्या त्या वर्षीच्या अवस्थेशी संबंध नाही. दर तिसऱ्या एप्रिलला वर्तमानपत्रे ‘टोलवाढीचा दणका’ असा मथळा देतात तेव्हा मला नेहमी वाटते, दणका फार आधीच बसला, आवाज आत्ता आला.

कोल्हापूरचे प्रकरण आकाराने लहान आहे. पैशाचा विचार केला तर दाभोळपुढे ते किरकोळच. तरी भागीदारीत तिसरा कोणी असतो आणि त्याला कोणी विचारत नाही, हे कोल्हापूरइतके कुठेच स्पष्ट दिसले नाही. शहरातले सुमारे 50 किलोमीटर रस्ते करायचे, खर्च 220 कोटी, बदल्यात शहराच्या वेशीवरच्या नाक्यांवर 30 वर्षे टोल आणि शिवाय टेंबलाईवाडीचा भूखंड दीर्घ मुदतीने. महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी असा तिघांचा करार. दोन शहरांमधला जलदगती रस्ता टाळून जुन्या रस्त्याने जाता येते, निदान तत्त्वतः. स्वतःच्या गावात शिरायला मात्र पर्याय नसतो. आजूबाजूच्या खेड्यांतून दूध, भाजी, उसाचे पैसे आणि दवाखान्याची कामे घेऊन रोज शहरात येणाऱ्या माणसाला तीस वर्षे दारात पैसे मोजायला लावणारी ही कल्पना कोल्हापूरला खपेल असे ज्यांना वाटले, त्यांनी कोल्हापूर पाहिले नसावे.

एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे वृद्ध नेते रस्त्यावर उतरले, पक्षभेद विसरून कृती समिती झाली, तालमी आणि मंडळे आली. टोल सुरू, बंद, न्यायालय, पुन्हा सुरू. जानेवारी 2014 मध्ये नाके पेटले. डिसेंबर 2015 मध्ये सरकारने टोल रद्द झाल्याचे जाहीर केले आणि गुलाल उधळला गेला. कंपनीला द्यायची भरपाई सुमारे साडेचारशे कोटींच्या घरात गेली. कोल्हापूरकरांचा विजय खराच होता. त्यांच्या मागणीत मला खोट दिसत नाही. पण टोल गेला तरी देणे गेले नाही. ते वाहनचालकाच्या खिशातून निघून राज्याच्या तिजोरीवर बसले, म्हणजे गडचिरोलीत सायकल चालवणाऱ्याच्याही वाट्याला थोडे आले. हेच 2015 मध्ये राज्यभर झाले, जेव्हा 12 नाके बंद झाले आणि 53 नाक्यांवर हलक्या वाहनांना सूट मिळाली. ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवरही तेच झाले. घोषणेच्या दिवशी टाळ्या पडतात; ठेकेदाराला द्यायच्या भरपाईची तरतूद पुढे पुरवणी मागण्यांतून होते, तेव्हा सभागृह रिकामे असते.

मुंबईची पहिली मेट्रो, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, 2007 मध्ये करार होऊन जून 2014 मध्ये धावली. तिकिटाचे दर करारात लिहिले होते, 9 ते 13 रुपयांच्या दरम्यान. मधल्या काळात मेट्रो रेल्वेचा केंद्रीय कायदा मुंबईला लागू झाला आणि त्यात पहिले दर ठरवण्याचा अधिकार मेट्रो चालवणाऱ्यालाच होता. कंपनीने कायद्यावर बोट ठेवले, सरकारने करारावर. न्यायालयात कंपनीचे म्हणणे टिकले आणि दर 10 ते 40 झाले. खर्चाचाही वाद आहेच: करारात 2,356 कोटी, कंपनी म्हणते 4,321 कोटी, आणि उशीर कोणामुळे झाला यावर लवाद. रोज लाखो लोक या गाडीने जातात, ती वेळेवर असते आणि तिच्याशिवाय अंधेरी-घाटकोपरची कल्पनाही करवत नाही. प्रवासी म्हणून मी तिच्यावर खूश आहे. तरीही चारकोप-मानखुर्द या दुसऱ्या मार्गाचा त्याच पद्धतीचा करार काम सुरू न होताच गुंडाळला गेला आणि त्यानंतरच्या मुंबईतल्या मेट्रो सरकारी यंत्रणांनी कर्ज काढून बांधल्या. पुण्यात हिंजवडी-शिवाजीनगर मार्गावर टाटा-सीमेन्सबरोबर 35 वर्षांची भागीदारी करून ही वाट पुन्हा चोखाळली जात आहे.

सगळे असेच बिघडते असा समज होऊ नये. न्हावा-शेवा बंदरात 1997 मध्ये पी अँड ओ गटाला 30 वर्षांच्या बोलीवर कंटेनर टर्मिनल चालवायला दिले, ते दोन वर्षांत सुरू झाले आणि देशातल्या मोठ्या बंदरांतला हा पहिला खासगी कंटेनर धक्का चांगला चालला. कारण फार गूढ नाही. जमीन, खाडी आणि रेल्वे बंदराकडे. क्रेन, कामगार आणि जहाजकंपन्यांशी सौदा टर्मिनलकडे. ज्याला जे येते ते त्याच्याकडे. ग्राहक म्हणजे जहाजकंपन्या, त्या स्वतःचे भांडण स्वतः भांडू शकतात. विमानतळांत मात्र प्रवाशाच्या बाजूने भांडणारे कोणी नसते. मुंबई विमानतळ 2006 मध्ये जीव्हीके गटाला मिळाला तो उत्पन्नातला 38.7 टक्के वाटा सरकारला देऊ केल्यामुळे. आकडा घसघशीत होता. पुढे नव्या इमारतीला पैसे कमी पडू लागले आणि 2009 पासून प्रवाशांकडून विकास शुल्क घेतले जाऊ लागले. निविदेच्या दिवशी त्या शुल्काचा विषय नव्हता.

आणखी एक गैरसमज इथेच बाजूला करायला हवा. ‘खासगी पैसा’ म्हणून आपण ज्याला ओळखतो त्यातला मोठा भाग खासगी नसतो. साधारणपणे शंभरातले सत्तर रुपये कर्जाचे, आणि 2004 ते 2012 च्या भरभराटीत हे कर्ज मुख्यतः सरकारी बँकांनी दिले. वाहतुकीचे अंदाज फुगवलेले, जमीन ताब्यात नसताना सह्या झालेल्या, आणि दहा-पंधरा वर्षांत फेडायची कर्जे पंचवीस-तीस वर्षांच्या प्रकल्पांना दिलेली. रस्ते आणि वीज अडकले तशी कर्जे अडकली, आणि बँकांना भांडवल पुरवायला शेवटी अर्थसंकल्पच आला. म्हणजे जोखीम दारातून कंपनीकडे गेली आणि खिडकीतून परत आली. केंद्राने विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली 2015 मध्ये समिती नेमली ती या पडझडीनंतर. जी जोखीम जो सांभाळू शकतो त्याच्याकडेच ती द्यावी, कराराची मुदत लांब असेल तर बदलत्या परिस्थितीत फेरवाटाघाटींची चौकट आधीच ठरवावी, आणि सरकारी अधिकाऱ्याने प्रामाणिकपणे घेतलेला निर्णय फसला म्हणून त्याच्यामागे चौकशी लावू नये, असे समितीने सांगितले. शेवटचा मुद्दा दिसायला छोटा आहे. पण भीतीपोटी काहीच न ठरवणारा अधिकारी आणि कशावरही सही करणारा अधिकारी, दोघेही जनतेला सारखेच महाग पडतात.

2016 पासून महामार्गांवर ‘हायब्रिड ॲन्युइटी’ ही पद्धत आली. बांधकामाच्या काळात 40 टक्के रक्कम सरकार देते, उरलेली कंपनी उभी करते आणि नंतर ती हप्त्याहप्त्याने परत मिळते. टोल सरकारचा, वाहने कमी आली तर तूट सरकारची. हे दाभोळपेक्षा प्रामाणिक आहे, कारण निदान ती तूट कोणाची हे पहिल्या पानावर कळते. त्याचबरोबर ही पद्धत म्हणजे हप्त्यांनी केलेली सरकारी उसनवारीच आहे आणि हे हप्ते कर्जाच्या रकान्यात ठळक दिसत नाहीत. पुढची वीस वर्षे कोणत्या खात्याने कोणाला किती द्यायचे आहे, याची एकत्रित यादी प्रत्येक अर्थसंकल्पाबरोबर विधिमंडळापुढे ठेवली गेली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. करार, त्याची सगळी परिशिष्टे, वाहतुकीचे मूळ अंदाज आणि दर वर्षीचे प्रत्यक्ष आकडे संकेतस्थळावर असले पाहिजेत. व्यापारी गुपित हे कारण निविदा उघडेपर्यंत ठीक आहे. तीस वर्षे ज्याचे पैसे आपण भरणार, ते आपल्यापासून गुपित कसे?

या पुस्तकात पाणीपुरवठा आणि रुग्णालये घेतलेली नाहीत. तिथे ग्राहकाला नळ किंवा उपचार नाकारण्याचा प्रश्न येतो आणि त्याची नीती वेगळी मांडावी लागते; रस्त्यांच्या मापाने ते मोजू नये. समृद्धी महामार्गही बाहेर ठेवला आहे, कारण तो भागीदारीत बांधलेला नाही, जरी त्याच्या टोलचे पुढे काय होणार हे पाहण्यासारखे असेल. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्या करारातली तीन कलमे सोप्या मराठीत उतरवली आहेत: उत्पन्न कमी पडले तर काय, काम लांबले तर काय, आणि करार मोडला तर कोणी कोणाला किती द्यायचे. वेळ थोडा असेल त्याने बाकी सोडून तेवढीच पाने वाचली तरी चालेल. न्हावा-शेव्याच्या त्या पहिल्या टर्मिनलची 30 वर्षे 2027 मध्ये भरतात आणि द्रुतगती मार्गाचा सध्याचा टोल-करार 2030 मध्ये संपतो. या टोलच्या पुढच्या निविदेचा मसुदा कुठल्यातरी कार्यालयात त्याआधी दोन वर्षे तरी तयार होऊ लागेल. त्यावर हरकती नोंदवण्याची वेळ तीच.